तांबडा काना

अनगोळ, बेळगाव
शुक्रवार, ता. १० जानेवारी १९४७

तीर्थस्वरूप आक्कास,

बसवंताचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुझ्या खोकल्याचा तेवढा घोर आहे. निपाणीच्या वखारींतली तंबाखूची धूळ तुला सोसत नाही, हे पंधरा वर्षांपूर्वीच मी म्हटलं होतं. पण थोरली बहीण धाकट्याचं ऐकेल तर ती आक्का कसली? अडुळसा पाठवतो आहे. काढा करून घे, नुसता शेल्फावर ठेवू नकोस.

तू शाळेत मुलींसाठी वाचनालय काढते आहेस हे वाचून मी चष्मा पुसला. तुझी तक्रारही वाचली. वखारीत राबणाऱ्या बायांच्या मुली पुस्तकं भराभरा नेतात, पण अभिप्राय लिही म्हटलं की "पुस्तक चांगले आहे" एवढं लिहून मोकळ्या होतात. आपली पोरं सुरुवातीला काय करायची, आठवतं का? मारुतीरावांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तू आणि मी मिळून ती पत्र्याची पेटी उघडली, आत एकेचाळीस पुस्तकं, आणि दारावर तुझ्या अक्षरातला नियम: मागील पुस्तकावर चार ओळी लिहिल्याखेरीज पुढील पुस्तक मिळणार नाही. पोरं म्हणायची, मास्तर, ही फुकटची शिक्षा हाय.

मग मी त्यांना साचा घालून दिला. "हा ग्रंथ मला वाचावासा वाटला, कारण" इथून सुरुवात करायची. कारण दिल्याशिवाय मत मांडायचं नाही. चोवीस पानी गोष्टीलाही पोरं ग्रंथ म्हणायला लागली, तेव्हा तू किती हसली होतीस! काल रात्रीच्या जेवणाआधी पहिली वही चाळली. जोतिबा लिहितो, "हा ग्रंथ मला वाचावासा वाटला, कारण बाहेर पाऊस होता." भरमाचं मत, "वाघ फार उशिरा येतो. आधी आला असता तर बरे." शामूचं तर तुझ्या मुलींना मुद्दाम दाखव: "शेवटची पाने उंदराने खाल्ली. राजपुत्राचे पुढे काय झाले ते उंदराला ठाऊक." याच्याइतका खरा अभिप्राय मी आजवर वाचला नाही.

तेव्हा पहिली आणि दुसरी वही पोष्टानं पाठवतो. तू तिसरी मागितली आहेस, तीच सर्वांत चांगली असणार म्हणतेस. तिसरीचं जमणार नाही. तिला वाळवी लागली. चौथी पाठवली तर चालेल का?

मारुतीरावांच्या पुतणीचं, आपल्या मालूचं विचारलंस. बरी आहे. सासरी असते, इकडे फारसं येणं होत नाही. तिच्या मुलीसाठी तू पाठवलेलं चित्रांचं पुस्तक मिळालं. कुणी तिकडं जाणारं भेटलं की पोचतं करीन. दर वर्षी पाठवतेस, याची खरं तर गरज नाही.

पोरं अजून मला कानेमास्तर म्हणतात. काना चुकला की कान पिळायचो म्हणून पडलेलं नाव. आता कुणाचा कान पिळत नाही, तांबडी शाईही वापरत नाही. तुझी भावजय दुर्गा म्हणते, मास्तरकीतलं निम्मं काम सोडलं तुम्ही. म्हणेना का.

इथंच थांबतो. खिडकी लावून घ्यायला हवी. आज शुक्रवार, जोगवा मागणाऱ्या जोगतिणींचं चौंडकं गल्लीत वाजतं आहे आणि पोरांचं वाचनात लक्ष लागत नाही.

तुझा
बसवंत


अनगोळ
बुधवार, ता. २२ जानेवारी १९४७

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझं कार्ड परवा आलं. "पत्र्याच्या पेटीतल्या वहीला वाळवी कशी लागते रे बसवंत?" एवढी एकच ओळ. कारण मागायची सवय मी पोरांना लावली, ती तुझ्याकडूनच उचललेली होती हे विसरलो.

वाळवी लागली नाही. वही पेटीत धड आहे.

आता जे लिहितो ते बसून वाच. मालूचं लग्न झालेलं नाही. कधीच झालं नाही. तू निपाणीला गेलीस त्याच्या पुढच्या माघात, म्हणजे ती अकरा वर्षांची असताना, मारुतीरावांनी तिला डोंगरावर नेलं आणि यल्लव्वाच्या नावानं गळ्यात मोती बांधले. तिच्या केसांत जट आली होती. आईच्या माघारी त्या पोरीचे केस विंचरायला घरात कोण होतं? पण घरच्यांनी म्हटलं, देवीनं मागणं घातलंय. बापाविना पोर, चुलत्याच्या शब्दापुढे बोलणारं कुणी नव्हतं. देवीला सोडली आणि ती सुटली ती गावालाच. पंधरा वर्षं मी तुला सासर लिहीत आलो. सुरुवातीला वाटलं, तू लांब आहेस, एकटी आहेस, तुझ्या जिवाला लागेल. नंतर खोटं जुनं झालं, आणि जुनं झालेलं मोडवत नाही.

तू जाताना गाडीत बसल्यावर मला म्हणाली होतीस, "बाकीची पोरं कशीबी शिकतील. मालूकडे बघ." मी मान हलवली होती.

काल मंगळवारी, दुपारचे तीन वाजले असतील. सोप्यात दहाबारा पोरं वाचत बसली होती. चौंडकं वाजलं, मी सवयीनं खिडकीकडे वळलो, आणि वाजणं आपल्याच दारात थांबलं. वर बघितलं तर डोक्यावर परडी, कपाळभर भंडारा, खांद्यावर दोरखंडासारखी जट, आणि मागे पदर धरून उभी असलेली आठनऊ वर्षांची मुलगी.

"काय बघूलालासा मास्तर? वळखलासा न्हाय व्हय?"

आवाज ओळखला.

तिनं परडी खाली ठेवली, देवीच्या मुखवट्याखालचं फडकं उचललं आणि एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. आक्का, एकवीस नंबर. त्या राक्षसाच्या गुहेतल्या राजकन्येची गोष्ट, जिला तू खळ लावून निळं कव्हर घातलं होतंस. कव्हरावर हळदीकुंकवाचे डाग, कोपरे झिजलेले, पण पान एकही कमी नाही. शेल्फावर त्या पुस्तकाची जागा मी इतकी वर्षं रिकामी ठेवली आहे. पोरं तिथं दुसरं काही सारतात, मी काढतो. का म्हणून विचारलं तर सांगतो, ते पुस्तक यायचं आहे. काल ते खरंच आलं.

"उशीर झाला," ती म्हणाली. "आता दुसरं द्या. माज्यासाटी न्हवं, ह्या शालूसाटी. अभिप्राय लिवल्याबिगर दुसरं मिळत न्हाय, ठावं हाय मला. पर म्या लिवलता की. तुमी त्यात चूक काडलासा."

पोरं टकामका बघत होती.

तो अभिप्राय तिसऱ्या वहीत आहे. म्हणून ती वही तुला द्यायची नव्हती. मालूनं लिहिलं आहे, "हा ग्रंथ चांगला आहे. मला वाचवा." मला वाटलं, घाईत काना राहिला. मी तांबड्या शाईनं च ला काना दिला, पुढे "सा वाटला" जोडलं, आणि ओळ झाली: मला वाचावासा वाटला. पोरांच्या शेकडो ओळी अशा नीट केल्या असतील मी. ती एक चूक झाली माझ्या हातून. त्या दिवसापासून तांबडी शाई सुटली, आणि चौंडक्याचा आवाज आला की खिडकी लावायची सवय लागली.

काल हे सगळं मी मालूला बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तुमचा काना लई सरळ असतोय, मास्तर."

शालूला ती रोज दुपारी सोप्यात सोडून जाणार आहे, आसपासच्या गल्ल्यांत फिरून येईपर्यंत. पुनवेला शालूचेही मोती बांधायचे ठरलं आहे. मारुतीरावांनी आणि डोंगरावरच्या थोरल्या जोगतिणीनं ठरवलं. पुनव पाच फेब्रुवारीला आहे.

तू पाठवलेलं चित्रांचं पुस्तक शालूच्या हातात दिलं. मागच्या वर्षांचीही सगळी दिली. ती माझ्या कपाटात होती.

बसवंत


अनगोळ
शनिवार, ता. १ फेब्रुवारी १९४७

आक्का,

नमस्कार. हे पत्र पोष्टानं येणार नाही. दुर्गा घेऊन येते आहे, उद्या सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं. तिच्याबरोबर कोण आहे ते तू दारातच बघितलं असशील. आधी तिला जेवायला घाल, मग हे वाच.

मागच्या पत्रातही मी खोटं लिहिलं. खरं लिहायला बसलो आणि अर्ध्यावर हात आखडला. चूक झाली म्हणालो. चूक झाली नव्हती.

तिसरी वही दुर्गाच्या पिशवीत आहे. सत्तेचाळिसावं पान उघड. मालूची ओळ "मला वाचवा" इथं संपत नाही. पुढे आहे. मी शिकवल्याप्रमाणे त्या पोरीनं कारण दिलं आहे. पूर्ण ओळ अशी: "मला वाचवा, कारण पुनवेला मला डोंगराला नेणार आहेत." काना, मात्रा, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. कारणाखाली मी तांबडी रेघ मारली आहे आणि समासात शेरा लिहिला आहे: विषय सोडून लिहू नये.

मी वाचलं होतं, आक्का. त्याच दिवशी, पहिल्याच नजरेत कळलं होतं. वही माझ्या हातात होती आणि मारुतीराव समोर झोपाळ्यावर बसले होते. सोपा त्यांचा. आदल्याच आठवड्यात सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, "मास्तर, पोरं वाचत्यात, चांगलं हाय. पर घरातल्या गोष्टीत पुस्तकवाल्यानं पडू नये, न्हाय तर सोपा मोकळा कराय लागंल." मी डोळ्यांसमोर चाळीस पोरं आणली. जोतिबा, भरमा, शामू. एका पोरीसाठी चाळीसांचं वाचन बंद करायचं का, असं स्वतःला विचारलं. प्रश्न असा मांडला की उत्तर सोपं येतं. मग दौत उघडली आणि काना दिला. हात कापला नाही. म्हणून तर तो इतका सरळ आहे.

मालू वहीतला शेरा बघायला आली तेव्हा तो वाचून माझ्याकडे बघत उभी राहिली. रडली नाही. एकवीस नंबरचं पुस्तक ओच्यात धरलेलं होतं, ते परत न देता तशीच गेली. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली गेली तेव्हा मी शाळेत पाढे म्हणून घेत होतो, आणि पोरांना मोठ्यानं म्हणायला लावलं.

तेव्हा अडवलं असतं तर ती वाचली असती का, ठाऊक नाही. पण मी अडवून बघितलंच नाही, हे ठाऊक आहे. पंधरा वर्षं जी पोरं सोप्यात आली त्यांच्यापैकी कुणी "वाचवा" लिहिलं तर मला दिसेल का, याची मी वाट बघत होतो आणि भीतही होतो. वहीत कुठेही राहिलेला काना दिसला की ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतो.

आता शालूचं.

गेले दहा दिवस ती दुपारी येत होती. अक्षरओळख आईनंच करून दिलेली, त्याच एका पुस्तकावरून. डोंगरावर पाटी नव्हती, राखेत बोट फिरवून शिकली म्हणे. पहिल्या दिवशी दुर्गानं तिच्या मानेवरचा केसांचा गठ्ठा बघितला आणि मला काही न विचारता तेलाची वाटी घेऊन आली. शालू घाबरली. "हात लावू नगा, यल्लव्वा आई कोपती." दुर्गा म्हणाली, "तू आपली गोष्ट वाच गं, मी नुसतं तेल लावते." पोर वाचत बसली, ही एकेक केस सोडवत बसली. तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दिवशी फणी वरून खाली सरळ गेली. देवीबिवी काही नव्हतं आक्का, गुंता होता. मालूचाही तेवढाच असेल.

मालू त्या संध्याकाळी आली, पोरीची वेणी बघितली, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. बराच वेळ स्वतःच्या जटेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "हिला वाचवा, मास्तर."

आणि तुझा हा भाऊ, इतकं सगळं होऊन गेल्यावर, काय विचारतो? मी विचारलं, "म्हणजे हिला वाचायला शिकवू, की..."

"काना बगत बसू नगासा," ती म्हणाली.

आज सकाळी मारुतीरावांकडे गेलो. ते आता थकलेत, पण झोपाळा तोच आहे. पोर डोंगराला जाणार नाही म्हणालो. असं मोती बांधायला आता सरकारी कायद्यानं बंदी आहे, पुनवेला कुणी तिला न्यायला आलं तर मी फौजदाराकडे जाईन, असंही म्हणालो. त्यांनी एवढंच म्हटलं, "मग सोपा मोकळा करा." मी किल्ली खिशातच घेऊन गेलो होतो. ती झोपाळ्यावर ठेवली.

दुपारी पोरांनी पुस्तकं डोक्यावरून आमच्या गोठ्यात आणली. म्हशीला अंगणात बांधलं आहे, ती माझ्यावर नाराज आहे. पंधरा वर्षं ज्या सोप्यासाठी मी तोंड मिटून बसलो, तो रिकामा व्हायला दोन तासही लागले नाहीत. आताचीही चाळीस पोरं सगळी आली. एकही कमी झालं नाही. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर, असं लिहिणार होतो. पण ते कारण खरं नाही, म्हणून खोडलं.

मालू येत नाही. मी फार विनवलं. "माजं बांदून झालंय, मला आता कोन न्हेनार?" म्हणाली. ती इथं राहिली तर शालू तिच्याजवळच आहे असं पुनवेपर्यंत सगळ्यांना वाटेल, असा तिचा हिशेब. तिनं शालूला काही समजावलं नाही, नुसतं एकवीस नंबरचं पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. वाचनालयाचं पुस्तक बाहेरगावी द्यायचं नाही हा आपला नियम आहे. दुर्गा माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, असू दे.

तू मला क्षमा कर असं लिहीत नाही. ती करायचा हक्क मालूचा, आणि तिनं केलेली नाही. माझ्यावर राग धर, पण पोरीवर त्याची सावली पडू देऊ नकोस. मालूकडे बघ म्हणून तू सांगितलं होतंस. मी पाहिलं नाही. शालूकडे तू बघ.

वहीतला तांबडा काना खरवडून काढायला मी आज बसलो होतो. कागद फाटायला आला तेव्हा थांबलो. राहू दे. तुझ्या मुलींना नमुना हवा आहे ना, तर हे पान दाखव. मालूनं लिहिलं तो अभिप्राय. खाली मी लिहिलं ते अभिप्राय वाचून न वाचल्यासारखं करणं. दोन्ही त्यांना कळायला हवं.

त्याच पानावर, सर्वांत खाली, पेन्सिलीनं शालूनं लिहिलं आहे. पिशवी भरताना दुर्गानं तिला सांगितलं, दुसरं पुस्तक हवं तर चार ओळी लिहायच्या असतात. तिनं फार विचार केला, जीभ बाहेर काढून, आणि दोनच शब्द लिहिले: "मी वाचले."

काय वाचलं ते लिहिलेलं नाही. मी विचारलं नाही. शेऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे. ती तुझ्या दारात पोचली असेल, आणि पुनव उलटून गेली, म्हणजे तिथं तुझ्या हातानं "बरोबर" लिही, आणि तेवढं मला कार्डावर कळव.

तुझा, फार उशिरा वाचायला शिकलेला भाऊ,
बसवंत